पॅकेज विचारण्याआधी

दसरा झाला की केज तालुक्यातून ऊसतोडीसाठी कोयत्याची जोडपी बाहेर पडतात. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी सोलापूरकडे, कोणी थेट कर्नाटकात. त्याच घरांतली शिकलेली मुले वर्षभर दुसऱ्या वाटेने जात असतात. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने ती पहाटे पुण्यात उतरतात आणि पाठीवर बॅग घेऊन वाकड-हिंजवडीचा रस्ता धरतात. आई-बापांनी फडात उभे राहून ज्यांना शिकवले, त्यातली बरीच मुले आज कॉम्प्युटरपुढे बसून पगार आणतात. तालुक्याने कष्टाने मिळवलेली ही गोष्ट आहे आणि मला तिचा अभिमान वाटतो.

मी पुण्यात सॉफ्टवेअरच्या धंद्यात बरीच वर्षे काम केले. त्यामुळे बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला की ओळखीचे, बिनओळखीचे पालक विचारायला येतात. पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: "पॅकेज किती मिळंल?" प्रश्न रास्त आहे, घर चालवणाऱ्याने तो विचारायलाच हवा. पण त्याच्या आधी विचारायच्या गोष्टी कोणी विचारत नाही आणि त्या न विचारल्यामुळे चांगली घरे अडचणीत आलेली मी पाहिली आहेत. म्हणून केज, धारूर, अंबाजोगाई भागातल्या आई-वडिलांना आणि त्यांच्या मुला-मुलींना माझे हे सांगणे आहे.

आधी चांगले सांगतो, कारण ते खरोखर मोठे आहे.

या नोकरीसाठी कोणाला पैसे भरावे लागत नाहीत. आपल्याकडे संस्थेत शिक्षक म्हणून लागायचे तर किती लाख मोजावे लागतात, हे घराघरात ठाऊक आहे. चांगली सॉफ्टवेअर कंपनी मुलाची परीक्षा घेते, मुलाखत घेते आणि घ्यायचे असेल तर घेते. तिथे आमदाराचे पत्र चालत नाही, पुढाऱ्याचा फोन चालत नाही. ओळख चालते ती इतकीच, की आत काम करणारा कोणी तुमचे नाव सुचवतो. त्याला रेफरल म्हणतात. पण मुलाखत तुमची तुम्हालाच द्यावी लागते. म्हणून आधीच सांगून ठेवतो: नोकरी लावून देतो म्हणून जो पैसे मागतो, डिपॉझिट मागतो, त्याच्याकडे नोकरी नसते. तो पुण्याचा असो, हैदराबादचा असो की आपल्याच गावचा असो.

दुसरा मोठा लाभ मुलींचा आहे. बीड जिल्ह्यात मुलींची लग्ने किती लवकर उरकली जातात, हे मी वेगळे सांगायला नको. फडावर जाताना वयात आलेली मुलगी कुठे ठेवायची, ही त्यामागची खरी काळजी असते. पण जी मुलगी कमवायला लागते, तिच्या लग्नाची घाई आपोआप थांबते. बापसुद्धा तिला विचारून स्थळ बघतो. जुलै 2024 पासून राज्य सरकारने 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. राहण्या-जेवणाचा खर्च उरतोच. तरीही "मुलीवर एवढी फी कशाला" असे म्हणायला आता जागा नाही. तिला इंजिनिअरिंगला घाला.

तिसरे म्हणजे आजारपण. बऱ्याच मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्याचा आरोग्य विमा काढतात. काहींत आई-वडिलांनाही त्यात घेता येते, काही वेळा थोडा हप्ता आपल्या पगारातून जातो. एका हृदयाच्या ऑपरेशनपायी एकर दोन एकर विकलेल्या घरांना याची किंमत कळेल. रुजू होताच मुलाने पहिल्या आठवड्यात विचारायची गोष्ट हीच: विम्यात आई-वडिलांचे नाव घालता येते का, आणि शेवटची तारीख कोणती.

आता कंपनी म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. "आयटीत लागला" एवढ्यावर भागत नाही.

हिंजवडीच्या जागेवर खरे तर साखर कारखाना व्हायचा होता. शरद पवारांनी ही गोष्ट अनेकदा जाहीरपणे सांगितली आहे. कारखान्याचे काम तिथे सुरू व्हायचे होते, पण तो पुढे मावळात कासारसाईकडे हलवला गेला आणि हिंजवडीत एमआयडीसीने आयटी पार्क उभे केले. तिथे आज काचेच्या इमारतींच्या रांगा आहेत. बाहेरून सगळ्या सारख्या दिसल्या, तरी आत चालणारी कामे वेगवेगळी असतात. काही कंपन्या परदेशातल्या बँका, विमा कंपन्या, दुकानांच्या साखळ्या यांची कामे घेतात आणि माणसे लावून ती करून देतात. त्या सेवा देणाऱ्या कंपन्या, आणि आपली बहुतेक मुले तिथेच लागतात. काही कंपन्या स्वतःचे सॉफ्टवेअर बनवून विकतात. तिथे प्रवेश अवघड असतो, पगार बरा असतो. काही परदेशी कंपन्यांनी इथे स्वतःचीच कार्यालये थाटली आहेत. कॉल सेंटर आणि बीपीओ निराळे. आणि शेवटी कन्सल्टन्सी. तिथे मुलगा बसतो मोठ्या कंपनीच्या इमारतीत, गळ्यात कार्डही असते, पण पगार तिसराच कोणीतरी देतो आणि करार सहा महिन्यांचा किंवा वर्षाचा असतो. घरी फोन येतो की मोठ्या कंपनीत लागलो. लेकरू खोटे बोलत नसते, पण अर्धे सांगत असते. तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा: पगाराच्या स्लिपवर नाव कोणाचे आहे?

दुसरा प्रश्न, हातात किती पडतात?

पॅकेज म्हणजे कंपनीचा तुमच्यावर वर्षाला होणारा एकूण खर्च. त्याला सीटीसी म्हणतात. मोठ्या सेवा कंपन्यांत साध्या भरतीतून घेतलेल्या नव्या पदवीधराला वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास देतात. दहा-बारा वर्षांपूर्वीही हा आकडा तीन-सव्वातीन लाखांच्याच घरात होता. एवढ्या काळात पुण्याचे घरभाडे कुठल्या कुठे गेले, पण नव्या पोराचा पगार जागचा फारसा हलला नाही. साडेतीन लाखांना बाराने भागले की 29 हजार होतात आणि घरचे तेवढेच धरून चालतात. पण त्या आकड्यात कंपनीने भरायचा पीएफ असतो, पाच वर्षांनी मिळणारी ग्रॅच्युइटी धरलेली असते, विम्याचा हप्ता असतो, कामगिरीवर मिळेल न मिळेल असा काही भाग असतो. वर मुलाच्या वाट्याचा पीएफ कापला जातो, महिन्याला 200 रुपये व्यवसाय कर जातो. हातात बावीस ते पंचवीस हजार पडतात. तिघा-चौघांत खोली, मेस, येण्या-जाण्याचा खर्च, मोबाइल यात दहा-बारा हजार सहज जातात, जपून राहिला तर. उरलेल्या पैशांत घरी पाठवायचे आणि शैक्षणिक कर्जाचा हप्ताही भरायचा.

एवढा हिशेब आपल्या लोकांना अवघड नाही. उचल घेताना मुकादमाला चार गोष्टी विचारणारी माणसे आपण आहोत: किती उचल, कोणता कारखाना, टनाला काय भाव, बैलगाडी की ट्रॅक्टर, मध्येच आजारी पडलो तर काय. तीच माणसे मुलाच्या ऑफर लेटरपुढे मात्र इंग्रजी कागद बघून गप्प बसतात. गप्प बसू नका. मुलाला समोर बसवा आणि एकेक ओळ मराठीत सांगायला लावा. बाँड आहे का, किती वर्षांचा, मोडला तर किती भरावे लागतील? नोटीस पीरियड किती, एक महिना की तीन? शिफ्ट कोणती? प्रशिक्षणात परीक्षा आहे का आणि त्यात नापास झाल्यास काय? कंपनीने मूळ गुणपत्रिका किंवा पदवी ठेवून घ्यायची अट घातली असेल, तर ती देऊ नका. पडताळणीसाठी दाखवा आणि परत घ्या.

परीक्षेचा प्रश्न मी उगाच काढला नाही. इन्फोसिसने 2022 मध्ये निवडलेल्या काही मुलांना दोन वर्षे ताटकळत ठेवून 2024 मध्ये रुजू करून घेतले आणि फेब्रुवारी 2025 मध्ये म्हैसूरच्या केंद्रातून तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना काढून टाकले. तीन संधी देऊनही ती अंतर्गत परीक्षा पास झाली नाहीत, असे कंपनीचे म्हणणे होते. ऑफर लेटर मिळाले, पेढे वाटले, गावात बॅनर लागला आणि दोन वर्षे मुलगा घरीच बसला, तर त्या घराचे काय होत असेल याचा विचार करा. ऑफर लेटर म्हणजे नोकरी लागली असे नव्हे. पहिला पगार खात्यावर जमा होईपर्यंत बॅनर लावू नका.

आता वाईट बाजू. ती लपवून मी कोणाचे भले करणार नाही.

या नोकरीत 'कायम' असे काही नसते. सेवा कंपनीचा पैसा परदेशातल्या ग्राहकाकडून येतो. त्या ग्राहकाने हात आखडला की इथले काम थांबते आणि माणूस बेंचवर येतो. बेंच म्हणजे पगार चालू, काम नाही. ऐकायला सुखाचे वाटते, पण बेंचवरचा प्रत्येक दिवस छातीत धाकधूक घेऊन जातो, कारण काही आठवड्यांत दुसरा प्रोजेक्ट मिळाला नाही तर राजीनामा मागितला जातो. टीसीएस म्हणजे टाटांची कंपनी, 1968 ची. तिथे लागला की सरकारी नोकरीसारखेच, असे आपल्याकडे समजत. त्याच कंपनीने जुलै 2025 मध्ये सुमारे 2 टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास लोक कमी करण्याचे जाहीर केले, आणि त्यातले बरेचसे मधल्या व वरच्या हुद्द्यांवरचे. चाळिशीतला माणूस, डोक्यावर फ्लॅटचा हप्ता, मुले शाळेत. त्याचे काय होते, ते मी जवळून पाहिले आहे. मुद्दा टीसीएसला दोष देण्याचा नाही. टाटांच्या कंपनीतही जे होऊ शकते, ते आपल्या मुलाच्या कंपनीत होणारच नाही असे धरून कर्ज काढू नका, एवढेच म्हणायचे आहे.

त्यात आता एआय आले आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आले आणि त्यानंतर नव्या पोरांना शिकता शिकता करायला दिली जाणारी बरीच साधी कामे यंत्र करू लागले. साध्या टेस्टिंगचे, ठरावीक साच्याच्या कोडचे काम कमी होत चालले आहे. घाबरून इंजिनिअरिंग सोडावे असे मी म्हणणार नाही. पण नुसते क्लासला जाऊन प्रश्नोत्तरे पाठ केलेल्या मुलाला यापुढे टिकणे कठीण जाईल. ज्याला कशाचे काय होते हे समजते, जो ग्राहकाशी बोलून त्याची अडचण ओळखतो, तो टिकेल. आणि ग्राहकाशी बोलायला इंग्रजी लागते. आपल्या मुलांची बुद्धी कुठेही कमी नाही, बोलताना मात्र ती आखडतात. त्यावर रोज तासभर मोठ्याने वाचणे आणि बोलणे एवढाच उपाय आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

शरीराचे म्हणाल तर पाठ, मान, डोळे आणि झोप. अमेरिकेचा दिवस म्हणजे आपली रात्र, त्यामुळे रात्री दहा-अकराला मीटिंग नेहमीचीच. सपोर्टच्या कामात तर महिनोनमहिने रात्रपाळी असते. शेतात दिवसभर राबणाऱ्या बापाला वाटते, बसूनच तर काम आहे. पण असे बसूनच पंचविशीत वजन वाढते, तिशीत साखर लागते. लेकरू सणाला घरी आल्यावर दुपारपर्यंत झोपले तर त्याला आळशी म्हणू नका.

मुलीला रात्रपाळी असेल, तर दोन कायदे तिला आणि तुम्हाला माहीत हवेत. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत तिच्या संमतीशिवाय तिला कामाला लावता येत नाही. संमती असली तरी तिच्या सुरक्षिततेची आणि घरापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी कंपनीची असते. दुसरा 2013 चा लैंगिक छळाविरुद्धचा कायदा: दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे तक्रार समिती असलीच पाहिजे. रुजू होताना समितीवर कोण आहे हे तिने विचारून ठेवावे. असे विचारणारी मुलगी भांडखोर ठरत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे सारे लिहायला घेतले, तिच्याकडे येतो.

नोकरी लागल्यावर पहिली तीन वर्षे त्या पगारावर काही उभे करू नका. घराचा स्लॅब नको, चारचाकी नको, बहिणीचे थाटाचे लग्न नको, गुंठेवारीचा प्लॉट नको. लग्नाच्या बायोडाटात पॅकेज लिहून त्याप्रमाणे हुंडा मागणे तर नकोच नको. तो गुन्हा तर आहेच, वर ज्या आकड्याच्या जोरावर मागता, तो पुढच्या वर्षी राहील की नाही हे कोणालाच माहीत नसते. मी काही घरांत पाहिले आहे, मुलगा वर्षभर कमावतो न कमावतो तोच त्याच्या पगारपत्रकावर बँकेचे वैयक्तिक कर्ज निघते. मग तो मुलगा बांधला जातो. प्रोजेक्ट वाईट असला, काम शिकायला मिळत नसले, साहेब छळत असला, तरी त्याला कंपनी बदलता येत नाही, कारण मध्ये एक महिना पगार थांबला तर हप्ता चुकतो. आणि या धंद्यात पुढे जायचा रस्ता सुरुवातीच्या वर्षांत कसून शिकण्याचा आणि वेळ आली की कंपनी बदलण्याचाच आहे. हप्त्यामुळे तो रस्ता बंद होतो. त्याला तीन वर्षे मोकळे ठेवा. त्याने घरी थोडे पाठवावे, शैक्षणिक कर्ज फेडावे आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवावा. चौथ्या वर्षी स्लॅब टाका, मी स्वतः पेढे खायला येईन.

शैक्षणिक कर्जाचेही असेच. 4 लाखांपर्यंत बँक तारण मागत नाही. शिकत असताना हप्ता नसतो, पण व्याज चालूच असते, हे बऱ्याच जणांना शेवटी कळते. जमले तर शिकत असतानाच व्याज भरत जा. आणि सरकारी किंवा बऱ्यापैकी कॉलेजात जागा मिळत नसेल, तर भरमसाट फीच्या खासगी कॉलेजासाठी सातबारा गहाण टाकू नका. बीसीए, बीएस्सी करूनही या क्षेत्रात येता येते. विप्रोची एक योजना बीसीए-बीएस्सी झालेल्यांना नोकरी देऊन त्यांचे एमटेक करवून घेते. एचसीएलची टेकबी ही योजना बारावी झालेल्यांसाठी आहे. अटी दर वर्षी बदलतात, त्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच बघा, दलालाकडून ऐकू नका.

मुलांनो, आता तुमच्यासाठी.

पुण्यात कोथरूड, कर्वेनगर, डेक्कन भागात क्लासेसचे फलक दिसतील, शंभर टक्के नोकरीची हमी देणारे. त्यातले काही चांगले शिकवतातही. पण कोणी म्हणाला की फ्रेशर म्हणून कोण घेत नाही, तीन वर्षांचा अनुभव दाखवू, कागद आम्ही बनवून देतो, तर तिथून उठून या. बोगस अनुभवावर नोकरी लागते हे खरे आहे. पण कंपन्या नंतर पडताळणी करतात. पीएफचा यूएएन नंबर सगळे सांगतो: कोणत्या कंपनीने, कोणत्या महिन्यात, किती पैसे भरले. वर्षा-दोन वर्षांनी पकडले गेलात, की त्याच दिवशी बाहेर, आणि मग खरा अनुभवही कोणी खरा मानत नाही. काही जण सुटतातही. पण ते रोज भीत भीत कामावर जातात. नड मोठी आहे, घर तुमच्याकडे डोळे लावून बसले आहे, हे मला समजते. तरीही नको.

पदवी मोठी नसली तरी चालते, काम आले पाहिजे. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर दहावी शिकलेले. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता ते कॉम्प्युटर दुरुस्तीकडे वळले, धाकट्या भावाला संगणकाचे शिक्षण दिले आणि दोघांनी क्विक हील हे अँटीव्हायरस उभे केले. कंपनी 2016 मध्ये शेअर बाजारात आली. आपल्या जिल्ह्यातले उदाहरण हवे तर आष्टी तालुक्यातल्या सांगवी पाटणचे दादासाहेब भगत. ते आयटीआय करून पुण्यात गेले, इन्फोसिसच्या गेस्ट हाऊसवर ऑफिसबॉयचे काम करू लागले, आत कॉम्प्युटरवर बसलेली माणसे काय करतात हे विचारत राहिले आणि ॲनिमेशन, ग्राफिक्स शिकले. लॉकडाऊनमध्ये गावी परतले, तेव्हा जिथे मोबाइलला रेंज येते अशा उंचावरच्या गोठ्याच्या शेडमध्ये त्यांनी काम थाटले. त्यांची डूग्राफिक्स ही कंपनी पुढे 'शार्क टँक इंडिया'तून देशभर पोहोचली. प्रत्येकजण काटकर किंवा भगत होणार नाही, तशी अपेक्षाही कोणी करू नये. पण आजूबाजूला काय चालले आहे ते विचारायला लाजायचे नाही, ही सवय मात्र प्रत्येकाला उचलता येते.

आणि जे आधीच पुण्यात, बंगळुरात, हैदराबादेत आहेत, त्यांच्याकडे माझे एक मागणे आहे. दिवाळीला गावी याल, तेव्हा पारावरच्या पोरांना पॅकेजचा आकडा सांगू नका, हातात किती पडतात ते सांगा. बेंचवर असाल तर बेंच म्हणजे काय ते सांगा. वर्षात एका तरी होतकरू पोराचा बायोडाटा स्वतः वाचा, दुरुस्त करा आणि तो पात्र असेल तर रेफरल द्या. पुण्यात नवीन आलेल्याला पहिले पंधरा दिवस खोलीवर राहू द्या. आणि नोकरी गेली असेल तर पुण्यातच लपून राहू नका. आधी वडिलांना फोन करा. ज्यांनी पाच-पाच महिने कोपीत काढून तुम्हाला शिकवले, त्यांना पगार थांबण्याची सवय तुमच्यापेक्षा जास्त आहे. ते घाबरणार नाहीत.